पॅनेलवरचा वकील: महाराष्ट्रातला आणि इंग्लंडमधला

इंग्लंडमध्ये पहिले घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील, निवडताना दोन सल्ले हमखास मिळतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट असतात. पहिला सल्ला असा की, पॅनेलवरचा, म्हणजे बँकेच्या मान्य यादीतला, वकील हा बँकेचा माणूस असल्यामुळे त्याच्याखेरीज स्वतःचा वेगळा वकील लावलाच पाहिजे. दुसरा असा की, बँकेने मान्य केलेला वकील म्हणजे बँकेने पारखलेला वकील, तेव्हा यादीतला कोणताही चालेल. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. पुण्यात, ठाण्यात किंवा नाशिकमध्ये गृहकर्ज घेताना पाहिलेला पॅनेल वकील मनात धरून लोक इंग्लंडमधल्या सॉलिसिटरकडे पाहतात. गेली कित्येक वर्षे हा गोंधळ जसाच्या तसा एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाताना दिसतो आणि त्यापायी लोकांचे पैसे जातात, कधी घरही हातचे जाते, म्हणून ही दोन माणसे एकदा शेजारी उभी करून पाहणे आवश्यक वाटते. येथे इंग्लंड म्हणताना वेल्सही धरला आहे. स्कॉटलंडमध्ये खरेदीची पद्धत आणि कायदा दोन्ही वेगळे आहेत.

महाराष्ट्रातला पॅनेल वकील वाचकांना परिचित आहे, त्यामुळे त्याच्याविषयी थोडक्यात. बँक आपल्या यादीतल्या वकिलाकडे कागदपत्रे पाठवते, तो सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, इंडेक्स टू आणि मागच्या व्यवहारांचे दस्त तपासतो आणि आपला सर्च रिपोर्ट बँकेला देतो. फी कर्जदाराच्या खिशातून जाते, पण रिपोर्ट बँकेच्या फायलीत राहतो. वकिलाचे अशील बँक असते आणि कर्जदाराशी त्याचा वकील म्हणून काहीही संबंध नसतो. ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे टायटल स्वच्छ आहे’ एवढ्या भरवशावर स्वतःचा वकील न लावणे हा महाराष्ट्रात केव्हाही धोक्याचाच मार्ग आहे, आणि तिथे वेगळा वकील लावण्याचा आग्रह योग्यच आहे.

इंग्लंडमध्ये हाच आग्रह बहुतेक वेळा अनाठायी ठरतो, कारण तेथील नेहमीच्या घरखरेदीत पॅनेलवरचा सॉलिसिटर एकाच वेळी दोघांचा वकील असतो: खरेदीदाराचाही आणि कर्ज देणाऱ्या लेंडरचाही. त्याला खरेदीदार निवडतो, त्याच्याशी करार खरेदीदार करतो, सल्ल्याची जबाबदारी तो खरेदीदाराशी पत्करतो, आणि त्याच फायलीवर लेंडरही त्याला आपल्या वतीने काम करण्याची सूचना देतो. लेंडरच्या या सूचना ‘यूके फायनान्स मॉर्गेज लेंडर्स हँडबुक’मध्ये लिहिलेल्या असतात. त्याचा पहिला भाग सर्वांना समान असतो आणि दुसऱ्या भागात प्रत्येक लेंडरच्या स्वतःच्या अटी असतात. फ्लॅटच्या लीजची, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची, किती वर्षे शिल्लक असली पाहिजेत यासारख्या प्रश्नावर एका लेंडरचे उत्तर दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. सगळे तपासून झाल्यावर सॉलिसिटर लेंडरला ‘सर्टिफिकेट ऑफ टायटल’, म्हणजे मालकीविषयीचे प्रमाणपत्र, देतो, मगच कर्जाची रक्कम त्याच्या क्लायंट खात्यात येते आणि तेथून विक्रेत्याच्या वकिलाकडे जाते. पॅनेलवर असणे म्हणजे या दुहेरी कामासाठी त्या विशिष्ट लेंडरची परवानगी असणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दोन अशिलांचा एकच वकील ही कल्पना आपल्याला खटकते, पण ठरावीक अटींच्या मॉर्गेजमध्ये दोघांनाही बहुतांशी एकच गोष्ट हवी असते: मालकी निर्विवाद असावी आणि तिची नोंद लँड रजिस्ट्रीत वेळेवर व्हावी. हित एक असते तोवर एका फीमध्ये दोघांचे काम होते आणि ते खरेदीदाराच्या फायद्याचेच असते. अडचण येते ती हित जिथे फुटते त्या जागी, आणि मराठी कुटुंबांच्या बाबतीत ती जागा फार वेळा एकच असते: आईवडिलांकडून आलेले पैसे.

समजा, पुण्याच्या वडिलांनी डिपॉझिटसाठी ४०,००० पौंड पाठवले. महाराष्ट्रात मार्जिन मनी वडिलांनी दिला की मुलाने साठवला, याच्याशी बँकेच्या पॅनेल वकिलाला सहसा कर्तव्य नसते. त्यामुळे इंग्लंडमधल्या सॉलिसिटरने हा प्रश्न विचारला की कुटुंब अस्वस्थ होते आणि हमखास एक विनंती केली जाते: ‘हे बँकेला सांगू नका.’ ही विनंती मुळातच मान्य होण्यासारखी नसते. खरेदीची उरलेली रक्कम खरेदीदाराच्या स्वतःच्या पैशांतून येत आहे का, हे विचारण्याची सूचना हँडबुकमध्येच आहे, आणि तसे नसेल तर लेंडरच्या अटींप्रमाणे ते त्याला कळवावे लागते. सॉलिसिटर खरेदीदाराचाही वकील असल्यामुळे त्याची गोपनीय माहिती तो परवानगीशिवाय लेंडरला देऊ शकत नाही, हे खरे आहे. पण लेंडरचाही वकील असल्यामुळे ती दडवून तो पुढेही जाऊ शकत नाही. परवानगी नाकारली तर त्याला लेंडरचे काम सोडावे लागते आणि व्यवहार तिथेच अडकतो.

ही जबाबदारी किती कडक आहे हे ‘मॉर्गेज एक्स्प्रेस विरुद्ध बोवरमन’ या १९९० च्या दशकातल्या खटल्यावरून कळते. लंडनमधला एक फ्लॅट २,२०,००० पौंडांना घेतला जात होता आणि खरेदीदार व लेंडर या दोघांचे काम एकाच सॉलिसिटरकडे होते. विक्रेता स्वतः तोच फ्लॅट त्याच सुमारास १,५०,००० पौंडांना घेत आहे, हे त्या महिला सॉलिसिटरच्या लक्षात आले, पण ते लेंडरला कळवले गेले नाही. टायटल तपासताना हाती आलेली जी माहिती लेंडरच्या निर्णयावर परिणाम करू शकते असे सक्षम सॉलिसिटरला जाणवायला हवे, ती त्याने लेंडरला सांगितलीच पाहिजे, असे अपील न्यायालयाने ठरवले. त्यामुळे असे प्रश्न विचारणारा सॉलिसिटर खवचटपणा करत आहे असे समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे. न विचारणाऱ्या सॉलिसिटरची मला जास्त काळजी वाटते.

पैसे भेट आहेत, उसने आहेत की त्यांच्या बदल्यात घरात हिस्सा आहे, हे कुटुंबाने आधीच आपापसांत स्पष्ट ठरवावे. भेट असेल तर घरावर आपला कोणताही हक्क राहणार नाही, असे वडिलांना लिहून द्यावे लागते. उसने असतील तर ते लपवून भेटीच्या पत्रावर सही करणे ही फसवणूक आहे, मग घरातल्या घरात ते कितीही साधे वाटो. पैशांचा उगमही दाखवावा लागतो, कारण २०१७ च्या मनी लाँडरिंगविरोधी नियमांनुसार सॉलिसिटरवर ती तपासणी बंधनकारक आहे. मुदत ठेव मोडल्याची पावती, बँकेची विवरणे, रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेखाली पैसे पाठवताना भरलेला ए-२ फॉर्म, हे सगळे पहिल्या आठवड्यातच हाती असले तर बराच मनस्ताप टळतो. योजनेची मर्यादा दर व्यक्तीस दर आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे, त्यामुळे मोठी रक्कम असेल तर आई आणि वडील यांच्या खात्यांतून वेगवेगळी पाठवली जाते. तसे असेल तर भेटीचे पत्रही दोघांचे लागेल, हे लक्षात ठेवावे.

आईवडील पुढे त्याच घरात कायमचे राहायला येणार असतील तर आणखी एक सही येते, आणि तिचा राग तर हमखास येतो. घरात राहणाऱ्या, पण कर्जात नाव नसलेल्या १७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींनी आपला काही हक्क असलाच तर तो लेंडरच्या हक्कामागे राहील, असे लिहून द्यावे, अशी अपेक्षा असते. यामागे १९८० चा ‘विल्यम्स अँड ग्लिन्स बँक विरुद्ध बोलंड’ हा हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचा, निर्णय आहे. घर एकट्या पतीच्या नावावर होते, पण पत्नीनेही पैसे घातले होते आणि ती तिथे राहत होती. पतीने घर परस्पर गहाण ठेवले तरी तिचा हक्क बँकेवर बंधनकारक ठरला. पैसे घालणे आणि तिथे राहणे या दोन्ही गोष्टी आपल्या आईवडिलांच्या बाबतीत एकत्र येतात, म्हणून त्यांची सही मागितली जाते. सही करण्यापूर्वी त्यांना स्वतंत्र कायदेशीर सल्ला मिळायला हवा, असा माझा ठाम आग्रह आहे. वेगळ्या वकिलावर खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा, कारण या कागदावर मुलाचे हित आणि आईवडिलांचे हित खरोखरच वेगळे असते.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे, म्हणजे ‘यादीतला कोणताही चालेल’ याकडे वळू. लेंडरला बुडीत कर्ज वसूल करण्यासाठी घर विकता येईल का, एवढीच चिंता असते. खरेदीदाराला त्या घरात राहायचे असते. लीजमध्ये कुत्रा पाळण्यास मनाई आहे, पार्किंगची जागा दाखवली एक आणि नकाशात दुसरीच आहे, किंवा जुन्या करारामुळे माळ्यावर खोली काढता येणार नाही, यांपैकी कशानेही लेंडरची झोप उडत नाही. म्हणून हँडबुकच्या रकान्यांपुरतेच काम करणारी फर्म पॅनेलवर सुखाने राहू शकते आणि तरीही खरेदीदाराच्या दृष्टीने निरुपयोगी असू शकते. आपल्याला घरात काय करायचे आहे, कोण राहणार आहे, घरून व्यवसाय करायचा आहे का, हे पहिल्याच पत्रात सॉलिसिटरला लिहून कळवावे आणि त्यावर त्याचे उत्तर लेखी मागावे.

पॅनेल हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नाही, हे एचएसबीसीच्या उदाहरणावरून लवकर पटते. जानेवारी २०१२ मध्ये या बँकेने आपले पॅनेल अवघ्या ४३ फर्मपुरते आणले होते. बाहेर राहिलेल्या हजारो फर्म एका रात्रीत अकार्यक्षम झाल्या नव्हत्या. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संस्थेची ‘कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम’ ही घरखरेदीच्या कामासाठीची मान्यता अनेक लेंडर मागतात आणि ती असणे चांगलेच. काही लेंडर एकट्या सॉलिसिटरची फर्म घेत नाहीत, काही फारच थोडे व्यवहार करणाऱ्या फर्म यादीतून काढतात. यांतल्या बहुतेक अटी लेंडर स्वतःची जोखीम सांभाळण्यासाठी घालतो. सॉलिसिटर की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (मालमत्ता-व्यवहारांचेच काम करणारा परवानाधारक), या प्रश्नावर मात्र लोक उगाच वेळ घालवतात. नियामक संस्था वेगळ्या आहेत, पण साध्या घरखरेदीत दोघेही सारखेच चालतात.

खरा वेळ तिसऱ्याच एका यादीपासून सावध राहण्यात घालवावा. इस्टेट एजंट किंवा मॉर्गेज ब्रोकर ‘आमच्या पॅनेलवरचे सॉलिसिटर’ म्हणून जी नावे देतात, त्यांचा लेंडरच्या पॅनेलशी काही संबंध असेलच असे नाही. त्यामागे बहुधा प्रत्येक ग्राहकामागे मिळणारे रेफरल शुल्क असते. घरखरेदीत असे शुल्क घेणे बेकायदेशीर नाही, मात्र ते ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे, तेव्हा सरळ विचारावे. आमचाच सॉलिसिटर घेतला तर तुमची ऑफर पुढे सरकेल, असे सुचवणाऱ्या एजंटाची मला मनस्वी चीड आहे. सेवा घेतली नाही म्हणून खरेदीदाराशी भेदभाव करणे हे १९९१ च्या इस्टेट एजंटविषयक आदेशानेच गैर ठरवले आहे. माझी पसंती स्पष्ट आहे: ज्या सॉलिसिटरचे नाव फायलीवर आहे त्याच्याशी फोनवर बोलता येते, अशी फर्म शंभर-दोनशे पौंड महाग असली तरी घ्यावी. जिथे प्रत्येक ईमेलला वेगळा माणूस उत्तर देतो तिथे जाऊ नये.

निवड केल्यावर फर्मला लेंडरचे नेमके नाव देऊन, ज्या कार्यालयातून काम होणार आहे त्याचा उल्लेख करून, ती आज त्या पॅनेलवर आहे का हे लेखी विचारावे. एकाच समूहातल्या दोन ब्रँडचे नियम सारखे असतील असे गृहीत धरू नये. सॉलिसिटर पॅनेलवर नसेल आणि तरी तोच हवा असेल, तर काही लेंडर आपला वेगळा सॉलिसिटर नेमतात. त्याची फी खरेदीदारालाच द्यावी लागते, कागद दोन वकिलांमधून फिरतात आणि आठवडे वाढतात. मॉर्गेज ऑफरला मुदत असते, त्यामुळे हा उशीर साधा नसतो. ब्रोकरने अर्ध्या वाटेत स्वस्त दराचा दुसरा लेंडर सुचवला, तर दर पाहून होकार देण्याआधी पॅनेलचा हाच प्रश्न नव्या नावाने पुन्हा विचारावा, कारण जुन्या लेंडरसाठी चालणारा सॉलिसिटर नव्या लेंडरसाठी चालेलच असे नसते.