‘उस्तेद’ कुठून आला: स्पॅनिश अभिवादनाची पार्श्वभूमी

स्पॅनिश शिकताना ‘ओला’ (नमस्कार), ‘बुएनोस दिआस’ (शुभ सकाळ), ‘आदिओस’ (निरोपाचा शब्द) हे पहिल्याच दिवशी पाठ होतात. घोटाळा होतो पुढच्या प्रश्नाला. कसा आहेस विचारायचे, की कसे आहात? ‘कोमो एस्तास’ की ‘कोमो एस्ता उस्तेद’?

स्पॅनिशमधला ‘तू’ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही; उच्चारही तोच, अर्थही तोच. ‘उस्तेद’चे, म्हणजे आदराच्या ‘आपण’चे, तसे नाही. मुळात ती एक पदवी होती. ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, हे शब्द बोलण्यात झिजत गेले आणि 17 व्या शतकात त्यांचा ‘उस्तेद’ झाला. म्हणून समोरच्याशीच बोलत असूनही क्रियापद तृतीय पुरुषी लागते, ‘महाराज काय म्हणतात?’ असे खुद्द महाराजांनाच विचारावे तसे. नवशिके नेमके इथे अडखळतात आणि त्यांना नियम घोकायला लावला जातो. ही हकिकत सांगितली तर घोकावे लागणार नाही.

त्या काळी अभिवादनावरून हातघाई होण्याची वेळ येई. 1554 च्या एका निनावी स्पॅनिश कादंबरीत खिशात दमडी नसलेला एक खानदानी गृहस्थ एका कारागिराच्या अंगावर धावून जातो. कारण काय, तर भेटेल तेव्हा तो कारागीर ‘देव आपले रक्षण करो’ एवढेच म्हणतो. हे हलक्या लोकांना म्हणायचे; मला ‘आपल्या हातांचे चुंबन घेतो’ म्हटले पाहिजे, असा त्याचा हट्ट. जोहार कोणी कोणाला घालायचा हे जिथे ठरलेले होते, त्या महाराष्ट्राला हा राग परका वाटू नये. पुढे 1586 मध्ये राजाने कोणाला कोणत्या पदवीने संबोधायचे याचा हुकूमच काढला. हातांच्या चुंबनाचे ते वाक्य मात्र आद्याक्षरांच्या रूपात पत्रांच्या तळाशी थेट 20 व्या शतकापर्यंत टिकून राहिले.

ही उतरंड एका झटक्यात मोडायचा प्रयत्न झाला 1936 मध्ये. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि बार्सेलोनात कामगार संघटनांचे राज्य आले. ‘सेन्योर’ आणि ‘दोन’ ही आदराची संबोधने आणि ‘उस्तेद’ हे शब्द लोकांनी टाकले. ‘बुएनोस दिआस’च्या जागी ‘सालूद’ आला. त्याचा अर्थ आरोग्य. ‘आदिओस’मध्ये तर सरळ ‘देवाच्या हवाली’ असा अर्थ, त्यामुळे निरोपालाही ‘सालूद’च. आपल्याकडे ‘जय भीम’ किंवा ‘लाल सलाम’ म्हणताच माणसाची बाजू कळते, तसेच हे. पण ‘तू’ ही एकट्या डाव्यांची मिरासदारी नव्हती. विरोधी छावणीतले फॅसिस्टही आपसात ‘कॉम्रेड’ला समांतर ‘कामारादा’ म्हणत आणि ‘तू’ने बोलत. 1939 मध्ये हेच लोक जिंकणाऱ्या बाजूला होते. ‘सालूद’ संशयाचा शब्द ठरला आणि सरकारी व्यवहारात ‘उस्तेद’ पुन्हा बसला.

युद्ध जिंकून सत्तेवर आलेला हुकूमशहा फ्रँको 1975 मध्ये गेला. त्यानंतर स्पेनमध्ये ‘तू’ दुकानांत, कचेऱ्यांत, विद्यापीठांत झपाट्याने पसरला. अनेक जण याला 1936 चाच वारसा मानतात. मला ते पटत नाही. तेव्हाचा ‘तू’ वेटर आणि गिऱ्हाईक यांनी एकमेकांना म्हटलेला होता. आजच्या जाहिरातीतला ‘तू’ कंपनी म्हणते, आणि ग्राहकाला उलट म्हणायची सोयच नसते.

समुद्रापलीकडे गणित वेगळे. कोलंबियाची राजधानी बोगोतामध्ये भाऊ-भाऊ, जिवलग मित्रसुद्धा एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात; तिथे तो परकेपणाचा शब्द नाही. अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आइरेसमध्ये ‘तू’ ऐवजी ‘बोस’ चालतो. शाळांनी तो पिढ्यान्‌पिढ्या अशुद्ध ठरवला, आणि तिथल्या भाषा अकादमीने त्याला शिष्ट भाषेत मान्यता दिली ती 1982 मध्ये. कोट्यवधी लोकांचा हा रोजचा शब्द. पण नवशिक्यांच्या कितीतरी पुस्तकांत तो अजून तळटीपेत असतो. सकाळी तिथे ‘बुएन दिआ’ असे एकवचनही चालते, आणि तेही चूक नव्हे.

निरोपाला तिथे ‘चाउ’ म्हणतात. इटलीहून बोटी भरभरून आलेल्या स्थलांतरितांनी तो आणला. मूळ व्हेनिसकडचा शब्द, अर्थ ‘मी आपला गुलाम’. हातांच्या चुंबनाच्याच जातीचा हा शब्द आज तिथे शाळेच्या फाटकात मुले एकमेकांना ओरडून सांगतात.