कोउ आणि को’उ : हवाईच्या भाषेतलं गाळलेलं अक्षर

सह्याद्रीतल्या बेसाल्टचे थर तपासताना भूशास्त्राचे विद्यार्थी सर्रास ‘पाहोएहोए’ आणि ‘आ’आ’ म्हणतात. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला लाव्हा तो पाहोएहोए. खडबडीत, धारदार ढेकळांचा तो आ’आ. दख्खनच्या पठारावरचे कितीतरी थर पहिल्या प्रकारचे आहेत. हे शब्द हवाई बेटांवरच्या लोकांचे. जिवंत ज्वालामुखीच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर लाव्ह्याच्या चालीला नावं पडणारच, आणि जगभरच्या भूशास्त्राने ती जशीच्या तशी उचलली. एकच गोष्ट बऱ्याचदा वाटेत गळाली : ‘आ’आ’मधली ती वरची खूण.

तिचं नाव ओकिना. ती विरामचिन्ह नाही, चक्क व्यंजन आहे. हवाईयन वर्णमालेत पाच स्वर आणि आठच व्यंजनं, त्यातलं हे एक. घसा क्षणभर बंद करून उघडला की ओकिना होतो. तोंड मिटून ‘अं-अं’ असा नकार देताना आपला घसा मधेच अडतो, तोच हा आवाज.

तो आला कुठून, ही गोष्ट मला या भाषेतली सगळ्यात सुंदर वाटते. न्यूझीलंडची माओरी, सामोआची सामोअन आणि हवाईयन या सख्ख्या बहिणी. सगळ्या पॉलिनेशियन कुळातल्या. माशाला माओरीत ‘इका’ म्हणतात, हवाईयनमध्ये ‘इ’आ’. माओरी ‘वाका’ म्हणजे होडी, तिची हवाईयनमध्ये ‘वा’आ’ झाली. म्हणजे जुन्या ‘क’च्या जागी ओकिना आला. त्याच वेळी माओरीतला ‘तापू’ हा शब्द हवाईत ‘कापू’ आहे : जुन्या ‘त’चा ‘क’ झाला. यातला क्रमही लावता येतो. आधी ‘त’चा ‘क’ झाला असता, तर तो नवा ‘क’सुद्धा पुढे ओकिनात विरघळला असता. तसं झालेलं नाही. म्हणून जुना ‘क’ आधी गेला, मग रिकाम्या जागी ‘त’ सरकला. नी’इहाउ या छोट्या बेटावरच्या बोलीत तर ‘त’ अजून ऐकू येतो.

तेव्हा ओकिना गाळणं म्हणजे शब्दातलं एक अख्खं अक्षर खाणं. माओरीत ‘तोकू’ म्हणजे माझं आणि ‘तोउ’ म्हणजे तुझं. हवाईयनमध्ये त्यांचं झालं ‘को’उ’ आणि ‘कोउ’. खूण गेली की ‘माझं’चं ‘तुझं’ होतं! 1820 साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषेला रोमन लिपी दिली, 1826 मध्ये नको वाटलेली अक्षरं वगळून ती आटोपशीर केली, पण ओकिनाला अक्षराचा मान दिला नाही. बायबल छापताना मात्र ‘माझं’ आणि ‘तुझं’ यांचा घोळ होऊ नये म्हणून या जोडीपुरती खूण वापरावीच लागली.

त्या लिपीत हवाईयन लोक झपाट्याने साक्षर झाले. 1834 पासून पुढची शंभराहून अधिक वर्षं त्यांच्या भाषेत वर्तमानपत्रं निघत होती. 1893 मध्ये राणी लिलि’उओकालानीची सत्ता उलथवली गेली, 1896 च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी ठरलं आणि 1898 मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी अनेक वृद्धांनी सांगून ठेवल्या आहेत. 1980 च्या सुमाराला ही भाषा सहज बोलणारी मुलं मोजकीच उरली होती. 1978 मध्ये राज्यघटनेने तिला अधिकृत दर्जा दिला. 1983 मध्ये ‘आहा पूनाना लेओ’ ही संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली हवाईयन माध्यमाची बालवाडी काउआ’ई बेटावर सुरू झाली. आजची तरुण बोलणारी पिढी अशा वर्गांतून घडली आहे.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट आयती मिळते. इंग्रजी बोलणारा पर्यटक ‘काकोउ’ आणि ‘माकोउ’ यांत गोंधळतो; आपण गोंधळायचं कारण नाही. काकोउ म्हणजे आपण, माकोउ म्हणजे आम्ही. सभेत ‘अलोहा काकोउ’ म्हटलं की बोलणाराही त्या नमस्कारात आला. फक्त तू आणि मी असू तर ‘अलोहा काउआ’, कारण संस्कृतसारखं इथे द्विवचन आहे.

‘माझं’ही दोन प्रकारचं. माझं मूल ‘का’उ केइकी’, पण माझी आई ‘को’उ माकुआहिने’. जे आपण मिळवतो किंवा आपल्यामुळे होतं ते पहिल्या गटात. जे जन्माने लाभतं किंवा आपल्याला सामावून घेतं ते दुसऱ्या. जमीन, म्हणजे ‘आइना’, आईच्या गटात पडते. यावरून घाईने तत्त्वज्ञान काढू नये. होडी आणि अंगावरचे कपडेही त्याच गटात आहेत.

जमिनीचं नातं कळायला अळू पाहावं. आपल्या अळूवडीतलं अळू आणि हवाईचा ‘कालो’ ही एकाच जातीची वनस्पती. पुराणकथेत मृत जन्मलेलं पहिलं मूल पुरलं, तिथे कालो उगवला. दुसरा मुलगा माणसांचा पूर्वज. म्हणजे कालो हा थोरला भाऊ. कुटुंबाला म्हणतात ‘ओहाना’, तो शब्द कालोच्या कंदाला फुटणाऱ्या कोंबावरून, ‘ओहा’वरून आलेला. ‘लू’आउ’ म्हणजे मुळात कालोची कोवळी पानं. मेजवानीचा अर्थ मागाहून चिकटला.

सगळ्यात जास्त झिजलाय तो ‘अलोहा’. त्याची फोड ‘समोर’ अधिक ‘श्वास’ अशी करून सांगतात. ऐकायला गोड, पण माओरीत ‘आरोहा’ आणि सामोअनमध्ये ‘आलोफा’ हे त्याचे भाऊबंद बसलेले असताना ही फोड टिकत नाही. प्रेम, करुणा, माया हे त्याचे अर्थ जुनेच आहेत. 2018 मध्ये शिकागोतल्या एका खाद्यपदार्थ कंपनीने हा शब्द नावात वापरणाऱ्या पोके, म्हणजे कच्च्या माशाचा हवाईयन पदार्थ, विकणाऱ्या इतरांना कायदेशीर पत्रं धाडली, तेव्हा मूळ हवाईयन लोक भडकले. ते साहजिकच होतं.

पाहुण्याने ‘अलोहा’ आणि ‘महालो’, म्हणजे आभार, जरूर म्हणावं; तिथे ते रोजचे शब्द आहेत. रस्ता विचारलात तर ‘माउका’ म्हणजे डोंगराच्या बाजूला आणि ‘माकाइ’ म्हणजे समुद्राच्या बाजूला, हे ठाऊक असावं. ‘कापू’ची, म्हणजे मनाईची, पाटी दिसली तर आत जाऊ नये. आणि तिथे राहणाऱ्या कोणालाही ‘हवाईयन’ म्हणू नये. ते नाव मूळ रहिवाशांचं, कानाका माओली लोकांचं. बाकीचा जुना रहिवासी ‘कामा’आइना’.

खगोलशास्त्रज्ञांनी विचारून शब्द घेण्याची रीत पाडली आहे. 2017 मध्ये दिसलेल्या आंतरतारकीय, म्हणजे सूर्यमालेबाहेरून आलेल्या, पाहुण्याला ‘ओउमुआमुआ’ हे नाव हवाईयन भाषेच्या जाणकारांनी दिलं. दुरून आधी पोचलेला दूत असा त्याचा भाव. जागेची गोष्ट वेगळी. माउना केआ या पवित्र पर्वतावर तीस मीटर व्यासाची दुर्बीण उभारण्याच्या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका ही सहभागी संस्थांपैकी एक. जुलै 2019 मध्ये या दुर्बिणीला विरोध म्हणून पर्वताच्या रस्त्यावर ठिय्या देणाऱ्या तीसहून अधिक जणांना अटक झाली. त्यात बहुतेक ‘कूपुना’, म्हणजे घरचे वडीलधारे होते. आंदोलकांच्या घोषणेतला शब्द होता ‘आ’ओले’, म्हणजे नाही. त्यातला पहिला ओकिना सुरुवातीलाच, ‘आ’च्या आधी लागतो, आपल्या नेहमीच्या मराठी वर्णमालेत त्याला अक्षर नाही.