इंग्रजी क्रियापदाचे काळ

क्रिया केव्हा घडते, ती पुरी झाली की चालू आहे आणि बोलण्याच्या क्षणाशी तिचा संबंध काय, हे दाखवणारी इंग्रजी क्रियापदाची रूपव्यवस्था. शालेय व्याकरणात वर्तमान, भूत व भविष्य यांचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि चालू पूर्ण असे प्रत्येकी चार भेद करून बारा काळ सांगतात. हा तक्ता महाराष्ट्रातील शाळांत रूढ असल्याने त्याची पुनरुक्ती येथे केलेली नाही.

काळांची संख्या : इंग्रजीत काळ किती, याविषयी व्याकरणकारांत एकमत नाही. लिंडली मरे याने १७९५ मध्ये लॅटिनच्या धर्तीवर सहा काळ मानले. ओटो येस्पर्सन याने इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ असल्याचे नाकारले. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५ च्या व्याकरणात वर्तमान व भूत हे दोनच काळ आहेत. ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ यांची गणना तेथे क्रियाव्याप्तीत (क्रिया पुरी झाली की चालू आहे हे दाखवणाऱ्या, काळाहून वेगळ्या भेदात) होते. हडलस्टन व पुलम (२००२) यांनी मात्र ‘हॅव’ने साधणाऱ्या पूर्णरूपाला दुय्यम काळाचा दर्जा दिला.

रूपाच्या कसोटीवर द्विकाळवाद्यांची बाजू भक्कम दिसते. ‘वॉक’चे ‘वॉक्ट’ होते, तसे भविष्यासाठी क्रियापदाचे रूप बदलत नाही. ‘विल’ हे स्वतःच वर्तमानरूप असून त्याचे भूतरूप ‘वुड’ आहे. शिवाय ‘ही विल बी होम बाय नाउ’ या वाक्यात भविष्य मुळीच नाही, निव्वळ अंदाज आहे. मराठीतही ‘तो एव्हाना घरी पोचला असेल’ असेच म्हणतात. शिकवण्याच्या सोयीसाठी बारांचा तक्ता टिकून आहे, आणि ती सोय खोटी नाही. ‘शॅल’ प्रथम पुरुषी आणि ‘विल’ इतरत्र, हा नियम जॉन वॉलिसच्या १६५३ च्या लॅटिन ग्रंथात आढळतो. प्रत्यक्ष वापर त्या नियमाने कितपत चालत होता, याबद्दल मतभेद आहेत.

पूर्ण व अपूर्ण रूपांचा उगम : प्राचीन इंग्रजीत वर्तमान व भूत अशी दोनच रूपे होती आणि भविष्यासाठी वर्तमानरूपच चाले. ‘हॅव’चे पूर्णरूप ‘मासा पकडलेल्या अवस्थेत माझ्यापाशी आहे’ अशा धाटणीच्या रचनेतून आले असावे. तेथे धातुसाधित कर्माप्रमाणे बदलू शके (‘मी पोळी खाल्ली’ मधील क्रियापद पोळीमागे जाते, तसे). गतिवाचक क्रियापदांना पूर्वी ‘बी’ लागे. ‘हॅव’ने ते स्थान सावकाश बळकावले.

अपूर्ण रूपाविषयी दोन प्रमुख मते आहेत. एक, प्राचीन इंग्रजीतील ‘बी’ व वर्तमान धातुसाधित यांच्या रचनेचा तो सरळ विकास होय. दुसरे, ‘ऑन हंटिंग’सारख्या नामरूपी रचनेचा त्यात मोठा वाटा आहे. वेल्शसारख्या केल्टिक भाषांतील समांतर रचनांचा प्रभाव सांगणारा तिसरा पक्षही आहे, पण आरंभीचा लेखी पुरावा तुटपुंजा असल्याने तो पक्ष अद्याप सर्वमान्य नाही. दोन्ही जुन्या रचना कालांतराने एकमेकींत मिसळल्या, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ ही कर्मणी रचना तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते. तोवर त्याच अर्थी ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत.

रचना : साहाय्यक क्रियापदांचा क्रम ठाम आहे : विल, मे, कॅन यांपैकी एक, मग ‘हॅव’, मग अपूर्णाचा ‘बी’, मग कर्मणीचा ‘बी’, शेवटी मुख्य क्रियापद. प्रत्येक साहाय्यक आपल्या लगेच पुढच्या शब्दाचे रूप ठरवतो. ‘विल’नंतर मूळ रूप, ‘हॅव’नंतर तिसरे रूप, अपूर्णाच्या ‘बी’नंतर ‘-इंग’ आणि कर्मणीच्या ‘बी’नंतर पुन्हा तिसरे रूप. काळाची खूण केवळ पहिल्या शब्दावर बसते. ‘डिड वेन्ट’ चुकते ते याचमुळे : भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचललेला असतो. नियमित भूतरूपातील ‘-एड’चा उच्चार ‘इड’ होतो तो फक्त ट किंवा ड ध्वनीनंतर (वॉन्टेड, नीडेड). अघोष ध्वनीनंतर तो ‘ट’ (वॉक्ट) आणि अन्यत्र ‘ड’ (प्लेड) होतो.

मराठीभाषकांच्या अडचणी : सर्वांत चिवट चूक पूर्ण भूतकाळाची. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत सहज वाक्य आहे. त्यावरून ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ तयार होते. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला भूतकाळातलाच दुसरा, नंतरचा बिंदू लागतो : गाडी सुटली, त्याआधी मी पोचलो होतो. असा बिंदू नसेल तर ‘वेन्ट’ पुरे. तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख याने १९४७ मध्ये घटनेचा, बोलण्याचा आणि संदर्भाचा असे तीन बिंदू कल्पून हा फरक मांडला. ‘यस्टरडे’सारखा संपलेला काळ सांगणारा शब्द असेल तर ‘हॅव सीन’ही चालत नाही, ‘सॉ’च लागते.

‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’ यात मराठीला वर्तमान पुरतो. इंग्रजीत ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. कालावधीला ‘फॉर’, आरंभबिंदूला ‘सिन्स’. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही ‘पासून’ची छाया. ‘पाऊस आला तर’ मध्ये मराठी भूतरूप घेते, इंग्रजी ‘इफ इट रेन्स’ असे वर्तमान. तेथे ‘इफ इट विल रेन’ सहसा चुकीचे. नो, ओन, बिलाँग अशा स्थितिवाचक क्रियापदांना प्रमाण इंग्रजीत ‘-इंग’ सहसा लागत नाही. भारतीय इंग्रजीत ‘आय ॲम नोइंग’ हा प्रयोग अभ्यासकांनी नोंदवला आहे. ‘मी रोज जात असे’ या रीतिभूताला मात्र ‘यूज्ड टु गो’ हा चांगला जोड आहे.

अमेरिकन वापरात ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ यांच्यासोबत साधा भूतकाळही चालतो (‘डिड यू ईट यट’). ब्रिटिश वापराचा कल ‘हॅव यू ईटन यट’कडे आहे.