एकट्याने उडताना पायपर कबमध्ये मागेच का बसायचे?

विमानात एकच माणूस असला की वजन कमी भरते, म्हणून तोलाचा हिशेब करण्याची गरज नाही आणि कोणत्याही सीटवर बसले तरी चालते, हा समज चुकीचा आणि धोक्याचा आहे. एकूण वजन किती, याइतकेच ते कुठे ठेवले आहे, हेही महत्त्वाचे असते.

अमेरिकेत 1938 पासून बनलेल्या पायपर जे-3 कब या छोट्या विमानात दोन सीट एकामागे एक आहेत. सुमारे 45 लिटरची, म्हणजे भरल्यावर साधारण 33 किलो पेट्रोलची टाकी इंजिनाच्या लगेच मागे, पुढच्या सीटच्याही पुढे असते. इंजिन आणि टाकी दोन्ही पुढेच असल्याने एकट्या वैमानिकाने पुढे बसल्यास गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाच्या वजनाचा तोलबिंदू, फार पुढे सरकतो, उतरताना नाक उचलायला एलिव्हेटर (शेपटीवरची वर-खाली हलणारी फळी) अपुरा पडू शकतो आणि जोरात ब्रेक लागल्यास विमान नाकावर कलंडून नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीला घासण्याची भीती वाढते. म्हणूनच एकट्याने मागच्या सीटवरूनच उडवावे, अशी स्पष्ट सूचना त्यात लावलेली असते.

याच घराण्यातल्या सुपर कबमध्ये टाक्या पंखांत असल्यामुळे एकटा वैमानिक पुढे बसतो.