‘मेडिकल’ म्हणजे नेमकं काय? उपचार वेगळे, तपासणी वेगळी

बलात्कार झालेली स्त्री रुग्णालयात पोहोचली की घरचे, पोलीस, कधी कधी कर्मचारीसुद्धा एकच विचारतात, “मेडिकल झालं का?” या एका शब्दात दोन निराळी कामं कोंबलेली आहेत. एक तिच्यावरचे उपचार, दुसरी न्यायवैद्यक तपासणी. उपचार तिच्या जिवासाठी असतात, तपासणी खटल्यातल्या पुराव्यासाठी. या दोहोंची गल्लत झाली की त्रास तिलाच होतो, आणि तोही सगळ्यात वाईट दिवशी.

“आधी पोलिसांचं पत्र आणा,” असं सांगून कॅज्युअल्टीच्या दारातून चौकीवर धाडणं ही त्या गल्लतीची नेहमीची खूण. उपचारांना कुणाच्याही पत्राची गरज नाही. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे, हे २०१३ पासून कायद्यात आहे. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आलं आहे. उपचार नाकारले तर रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे इतकं कडक का? एचआयव्हीची लागण रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही जितकी लवकर घेतली तितकी उपयोगी. चौकीच्या बाकावर गेलेले तास परत मिळत नाहीत.

तपासणीला मात्र त्या स्त्रीची संमती लागते, आणि ती संमती उपचारांच्या संमतीपेक्षा वेगळी घ्यायची असते. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टरांनी प्रत्येक टप्पा आधी समजावून सांगायचा. अंगावरचे कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात, प्लॅस्टिकमध्ये ते कुजतात. नखांखालचा मळ घेतात, कापसाच्या काड्यांनी नमुने घेतात, पाकिटं सीलबंद करतात. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, म्हणून उशीर नको हे खरंच. पण पूर्ण तपासणीला किंवा तपासणीच्या एखाद्या भागाला ती नकार देऊ शकते. तो नकार कागदावर नोंदवायचा आणि उपचार चालू ठेवायचे. ती तयार असेल तर दोन्ही कामं एकाच वेळी करावीत, म्हणजे तिला तेच दोनदा सोसावं लागत नाही.

पोलिसांना कळवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. पण रुग्णालयाने कळवलं म्हणजे तिने तक्रार दिली, असं होत नाही. तिला जबाब द्यायचा नसेल तर तसं लिहून घेतात. अठरा वर्षांखालील मुलामुलींना मात्र पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू होतो आणि तिथे गुन्हा नोंदवावाच लागतो.

तपासणीच्या नावाखाली वर्षानुवर्षं जे चाललं ते तर ना उपचार होते, ना पुरावा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेच मथुरा प्रकरण. तिच्या वैद्यकीय अहवालात योनीत ‘दोन बोटं सहज जातात’ आणि ‘जखमा नाहीत’ अशा नोंदी होत्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. ही दोन बोटांची चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. मधे पन्नास वर्षं गेली, आणि या काळात किती जणींना त्या टेबलावर झोपवलं गेलं असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. अंगावर जखम नाही म्हणजे अत्याचार झाला नाही, हे तर कुठल्याच अहवालात लिहायचं नसतं.

मनाला दिलेला आधार हाही उपचारच. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या ‘सेहत’ संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं ते याच जाणिवेतून. समुपदेशक तिथेच, रुग्णालयात. स्त्रीला त्यासाठी वेगळं दार ठोठवावं लागत नाही.

कुणासोबत कॅज्युअल्टीत जायची वेळ आली तर खिडकीवर एवढंच ठामपणे सांगा, “आधी औषधं सुरू करा. तपासणीचं तिला नीट समजावून सांगा, मग ती ठरवेल.” आणि केसपेपरवर वेळ लिहिली आहे ना, ते बघून घ्या.