बेंचवर फक्त दोघी

परवा रविवारी सकाळी नेहरूनगरच्या ध्यानचंद स्टेडियमवर भाचीची हॉकीची मॅच बघायला गेले होते. कॉलेजची टीम, सीझनची सुरुवात एकदम जोरात झालेली, पहिल्या तीन मॅच आरामात काढल्या आणि मग एकीचा घोटा मुरगळला, दुसरीचं मांडीमागचं हॅमस्ट्रिंग गेलं, तिसरीच्या बोटावर बॉल बसला. रविवारी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत 1-1 होतं आणि शेवटी मॅच गेली 4-1 ने. बाहेर आल्यावर कोणाची तरी आई म्हणाली की टीमला नजर लागलीय, किट बॅगेला लिंबू-मिरची बांधा. मुली रडत होत्या म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही, पण मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि माझं माहेर खडकीचं, धनराज पिल्लेच्या खडकीचं, म्हणजे हॉकी आणि आकडे दोन्ही माझ्या जिव्हाळ्याचे, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आधी साधा गुणाकार करू. समजा प्रत्येक मुलगी एखाद्या मॅचला फिट असण्याची शक्यता 95 टक्के आहे. ऐकायला भक्कम वाटतं ना? आता पहिल्या 11 च्या 11 जणी फिट असण्याची शक्यता काढायची तर 0.95 ला 0.95 ने असं 11 वेळा गुणत जायचं, उत्तर येतं साधारण 57 टक्के. म्हणजे दहातल्या चार मॅचना तुमची ठरलेली टीम उतरणारच नाही, आणि यात कोणाचं काही चुकलेलं नाही. 95 च्या जागी 90 टक्के धरले तर हा आकडा थेट 31 वर येतो. त्यामुळे "आमचीच टीम कधी पूर्ण का नसते" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या टीमला पडतो, आणि प्रत्येकीला वाटतं की हे फक्त आपल्याच बाबतीत होतंय.

पण या गुणाकारात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. एकीच्या दुखापतीचा दुसरीच्या दुखापतीशी काही संबंध नाही असं आपण मानलं, नाणेफेकीसारखं, याला आमच्यात स्वतंत्र घटना म्हणतात. हॉकीत हे खरं नसतं, आणि मला सांगायचंय ते नेमकं इथे आहे.

मॅच 60 मिनिटांची, 15-15 ची चार क्वार्टर. गोलकीपर सोडून मैदानात 10 जणी, म्हणजे टीमला एकूण 600 मिनिटं पळायचं असतं. हॉकीत रोलिंग सब असतात, कितीही वेळा बदला, बाहेर गेलेली परत येऊ शकते, फक्त पेनल्टी कॉर्नर चालू असताना नाही. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत 18 जणींची टीम असते, दोन कीपर धरल्या तर उरल्या 16, 600 भागिले 16 म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साडेसदतीस मिनिटं. तेच 12 जणी असतील तर 50 मिनिटं. आमच्या टीमच्या यादीत 16 नावं होती, त्यात कीपर एकच, फर्स्ट इयरच्या दोघी "अजून कच्च्या आहेत" म्हणून नुसत्या बेंचवर बसून, आणि तिघी जखमी. उरल्या 10. प्रत्येकीला पूर्ण 60.

आता जरा नीट बघा, इथे माझे विद्यार्थी पण अडखळतात. समजा साडेसदतीस मिनिटं खेळणाऱ्या मुलीला एका मॅचमध्ये दुखापत होण्याची शक्यता 2 टक्के आहे (हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी धरलाय, मोजलेला नाही). 16 जणी, 100 मॅच, म्हणजे 32 दुखापती. आता 10 जणी 60-60 मिनिटं खेळल्या आणि धोका मिनिटांच्या प्रमाणातच वाढला तर प्रत्येकीचा धोका होतो 3.2 टक्के, 10 जणींच्या 100 मॅचमध्ये परत 32 च! म्हणजे प्रत्येक मिनिट सारखंच धोक्याचं असेल तर छोट्या टीमला दुखापती जास्त होतच नाहीत, मिनिटं 600 ती 600 च. फक्त तीच दुखापत महाग पडते, कारण जागा घ्यायला कोणी नसतं. पण धोका मिनिटांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल, म्हणजे शेवटची मिनिटं पहिल्या मिनिटांपेक्षा वाईट असतील, तर 12 जणींच्या टीममध्ये 43 होतात आणि 10 जणींच्या टीममध्ये 51. आणि हे एवढ्यावर थांबत नाही, कारण प्रत्येक दुखापतीनंतर उरलेल्यांची मिनिटं वाढतात, त्याने पुढची दुखापत जवळ येते, ती झाली की अजून मिनिटं वाढतात. दुखापती मग एकट्यादुकट्या येत नाहीत, घोळक्याने येतात. बाहेरून बघणाऱ्याला तो घोळका नजर लागल्यासारखा दिसतो.

म्हणजे सगळा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो, की 55 वं मिनिट 5 व्या मिनिटापेक्षा खरंच जास्त धोक्याचं असतं का? हॅमस्ट्रिंगपुरतं तरी उत्तर हो आहे, आणि का ते बघण्यासारखं आहे.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे तीन स्नायू. बहुतेक भाग बसायच्या हाडापासून निघतो आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडला जातो, म्हणजे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. आपल्याला वाटतं स्नायू आखडून ओढतात. पण जोरात पळताना पाऊल जमिनीला टेकायच्या जरा आधी नडगी पुढे फेकली जाते, आणि हॅमस्ट्रिंगचं काम असतं तिला ब्रेक लावणं. म्हणजे स्नायू जोर लावतोय आणि त्याच वेळी लांबही होतोय. जड पिशवी हळूहळू खाली ठेवताना दंडात होतं तसं, फक्त इथे ते सेकंदाच्या छोट्याशा भागात आणि प्रचंड ताकदीने होतं. त्यात हॉकी! स्टिक साधारण 3 फुटांची, त्यामुळे खेळाडू कमरेत वाकून पळते, कंबर पुढे झुकली की बसायचं हाड मागे-वर सरकतं आणि हॅमस्ट्रिंग वरच्या टोकालाही ताणलं जातं. दोन्ही टोकांनी ताण आणि मधे ब्रेक.

अजून आत गेलं तर स्नायूच्या धाग्यात सार्कोमिअर नावाचे बारीक तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात, एकेक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट लांबीचा. प्रत्येकात अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकलेले, दोन कंगवे एकमेकांत घालावेत तसे. एका मर्यादेपर्यंत जेवढे एकमेकांत जास्त, तेवढी पकड जास्त, फार ताणलं की पकड सुटत जाते. सगळे तुकडे सारखे मजबूत नसतात, कमकुवत तुकडा आधी ताणला जातो, त्याची पकड अजून कमी होते, म्हणून तो अजून ताणला जातो. परत तेच चक्र, टीममध्ये होतं तेच एका धाग्याच्या आत! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर डोक्यातून गेलं नव्हतं.

थकलेल्या स्नायूचं काय होतं, तर तो फाटायच्या आधी ताज्या स्नायूपेक्षा कमी ऊर्जा शोषू शकतो. ब्रेक तेवढाच लावायचाय पण ब्रेकचा दम कमी झालाय. स्प्रिंटमध्ये संपलेलं क्रिएटिन फॉस्फेट (स्नायूतलं झटपट ताकदीचं इंधन) पूर्ण भरायला काही मिनिटं लागतात, बेंचवर चार मिनिटं बसलेली मुलगी ते भरून परत येते, बेंचच नसेल तर ती अर्ध्या भरलेल्या टाकीवर पुढची स्प्रिंट मारते. त्यात आपल्याकडे स्पर्धेत रोज एक मॅच ठेवतात आणि स्नायूतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) नीट जेवूनसुद्धा भरायला जवळपास दिवस लागतो. सराव मातीच्या ग्राउंडवर आणि मॅच टर्फवर, तिथे पायाची पकड वेगळी, ते आणखीनच. भाची मला म्हणाली, "मावशी, वॉर्मअप तर केला होता गं आम्ही." केला होताच, पण वॉर्मअप 55 व्या मिनिटाला पुरत नाही.

दुखापती एकमेकींना जोडणारा आणखी एक धागा आहे, आणि तो मला जास्त छळतो. हॅमस्ट्रिंग जायचा सगळ्यात मोठा धोका कोणाला, तर ज्याचं आधी एकदा गेलंय त्याला. दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते, मधल्या काळात मुलीला स्वतःला फिट वाटत असतं. बेंचवर चार जणी तयार असतील तर कोच तिला अजून दोन आठवडे थांब म्हणू शकतात. कोणीच नसेल तर स्प्रे मारून उतरवतात. तो स्प्रे उडून जाताना कातडी गार करतो, थोडा वेळ बधिर करतो, आतल्या स्नायूचं काहीही दुरुस्त करत नाही. रंगीत टेपचंही तेच, दंडावर-मांडीवर छान दिसते पण ती लावल्याने दुखापती टळतात असा भक्कम पुरावा नाही, आणि असल्या टेपवर पैसे घालणारं कॉलेज दुसऱ्या कीपरच्या किटला पैसे नाहीत म्हणतं याचा मला मनापासून राग येतो.

आणि लिंबू-मिरचीबद्दल एवढंच. फारच वाईट सीझननंतरचा सीझन बहुतेक वेळा आपोआप बरा जातो, कारण वाईटात योगायोगाचा वाटा असतो आणि तो दर वर्षी तेवढाच जमून येत नाही. मग मधे जे काही केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं, लिंबाला, शनीच्या तेलाला, नव्या जर्सीच्या रंगाला.

करण्यासारखं खरंच काही आहे, आणि फुकट आहे. नॉर्डिक नावाचा व्यायाम, गुडघ्यावर उभं राहायचं, मैत्रिणीने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि कंबर सरळ ठेवून जमेल तेवढं हळू पुढे झुकत जायचं. यात हॅमस्ट्रिंग लांब होता होता जोर लावतं, म्हणजे पळताना लागणारा तोच ब्रेक, सावकाश. काही आठवड्यांत स्नायूचे धागे लांबतात, ताणलेल्या अवस्थेत ताकद वाढते, आणि मुख्यतः फुटबॉलच्या टीमवर झालेल्या अभ्यासांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्यात. पहिल्या आठवड्यात मांड्या भयंकर दुखतात म्हणून मुली सोडून देतात, तिथे सोडू नका, कमी करा पण करा.

भाचीच्या सरांशी मी मंगळवारी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, फर्स्ट इयरच्या दोघींना आता प्रत्येक क्वार्टरमध्ये 4-4 मिनिटं उतरवायचं कबूल केलंय. हिशोबाने बाकीच्यांची मिनिटं 60 वरून 57 वर येतात, फक्त तीन कमी. सर म्हणाले एवढ्याने काय होणार. मी म्हटलं सर, सरासरी तीनच आहे, पण ती चार मिनिटं सेंटर हाफ आणि दोन्ही विंगर्सना आलटून पालटून द्या, ज्या सगळ्यात जास्त स्प्रिंट मारतात त्यांनाच, आणि चौथ्या क्वार्टरची वाट न बघता पहिल्यापासून द्या. गुरुवारच्या मॅचसाठी त्यांनी वहीत तसं लिहून घेतलंय.