तिसऱ्या आठवड्यात दूध खरंच आटतं का?

‘दूध पुरत नाही’ हे निदान डॉक्टरांच्या आधी घरातच होतं. बाळंतपणाला तीनेक आठवडे झालेले असतात. सुरुवातीला टणक होणारी छाती आता मऊ लागते. बाळ संध्याकाळी सातपासून दर अर्ध्या तासाने तोंड उघडून शोधायला लागतं. पंप लावून पाहिलं तर बाटलीच्या तळाशी जेमतेम ३० मिली दूध. वरचं दूध दिलं की बाळ ते घटाघटा पिऊन झोपतं. मग मोठ्या बायकांचं एकमत होतं आणि पावडरीचा डबा घरात येतो. त्यासोबत आलेली अपराधी भावना मात्र एकट्या आईच्या वाट्याला जाते. वरच्या चारही खुणांवरून दूध कमी आहे असं सिद्ध होत नाही.

पहिले काही दिवस कारभार रक्तातल्या संप्रेरकांच्या हातात असतो. वार पडली की गर्भारपण टिकवणारं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, दूध बनवणारं प्रोलॅक्टिन वर असतंच, आणि साधारण ३० ते ७२ तासांत दूध ‘उतरतं’. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या बाईला थोडा जास्त वेळ लागू शकतो. तोवर चीक असतो आणि तो थोडाच असतो, कारण पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला २ ते १० मिलीच घेतं. छाती फुगते ती केवळ दुधाने नाही. वाढलेला रक्तपुरवठा आणि ऊतींमध्ये साठलेलं पाणीही त्यात असतं. दोन-तीन आठवड्यांत ही सूज ओसरते. ओसरते ती सूज, दूध नाही.

यानंतर नियंत्रण हळूहळू रक्ताकडून छातीकडे येतं. उजवी छाती किती दूध बनवेल हे उजव्या छातीत काय घडतं त्यावर ठरतं, डाव्या छातीचं डावीत. प्रोलॅक्टिन तर दोन्हींकडे एकाच रक्तातून पोचतं, मग फरक पडतो कुठे? हा धागा स्कॉटलंडमध्ये एअरजवळच्या हॅना संशोधन संस्थेत शेळ्यांवर उलगडला. शेळीची एकच बाजू जास्त वेळा पिळली तर त्याच बाजूचं दूध वाढे, दुसरीचं नाही. साठलेल्या दुधाचा दाब पेशींना थांबवत असेल, ही शंका रास्त होती. म्हणून संशोधकांनी कासेतल्या दुधात साखरेचं रक्ताइतक्याच तीव्रतेचं द्रावण मिसळलं. म्हणजे आतला साठा वाढला, दूध मात्र पातळ झालं. दूध बनण्याचा वेग मंदावण्याऐवजी वाढला! निष्कर्ष असा, की साठलेल्या दुधातच काहीतरी विरघळलेलं असतं आणि तेच पेशीला ‘आता पुरे’ म्हणतं; ते पातळ झालं की निरोपही क्षीण होतो.

याला दुग्धनिर्मितीचा रोधक म्हणतात. दुधाच्या निवळीतलं एक लहान प्रथिन हे काम करतं आणि पेशीच्या आत प्रथिनं घडवून बाहेर सोडण्याचा रस्ता तात्पुरता अडवतं, अशी मांडणी १९९०च्या दशकात झाली. त्या प्रथिनाच्या ओळखीवर अजून वाद आहे. पेशी ताणल्या गेल्याचा परिणाम आणि स्तनातच तयार होणारं सेरोटोनिन नावाचं रसायन हे आज तितकेच तगडे उमेदवार आहेत. कुठलाही जिंकला तरी व्यवहारातला नियम तोच राहतो: भरलेली छाती हळू बनवते, रिती झालेली भरभर. घरच्या विहिरीचा उपसा आणि झरा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

माणसात हे मोजायचं कसं? ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात पीटर हार्टमन यांच्या गटाने छातीवर प्रकाशाचे पट्टे पाडून कॅमेऱ्याने तिचं आकारमान मोजलं. पाजण्याआधी, पाजल्यानंतर आणि मधल्या तासांत. छाती जितकी रिकामी तितका भरण्याचा वेग जास्त, हे आकड्यांत दिसलं. याच गटाने २००६ साली एक ते सहा महिन्यांच्या, निव्वळ अंगावर पिणाऱ्या ७१ बाळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. चोवीस तासांचं सरासरी दूध ७८८ ग्रॅम होतं, पण कमीत कमी ४७८ आणि जास्तीत जास्त १,३५६, आणि या दोन टोकांची बाळंही निरोगीच. दिवसाला सरासरी ११ वेळा पाजणं. एका छातीत किती दूध साठू शकतं, ही साठवणक्षमताही आईगणिक कित्येक पट वेगळी. आणि बाळ एका वेळी उपलब्ध दुधाच्या सरासरी ६७ टक्केच घेत होतं, म्हणजे पिऊन झाल्यावरही एक तृतीयांश दूध मागे राही.

साठवण कमी असलेल्या आईचं बाळ दर दीड तासाने मागणार, जास्त असलेल्या आईचं तीन तासांनी. दिवसाची बेरीज दोघांची सारखी येऊ शकते. ‘दर तीन तासांनीच पाजा’ हा घड्याळाचा नियम पहिल्या आईला हमखास अडचणीत आणतो. तिची छाती दीड तासात भरते, पुढचा दीड तास निर्मिती मंदावते, आणि आठवड्याभरात एकूण दूध खरोखर घटतं. वरच्या दुधाचंही हेच. रात्री नऊला ६० मिली वरचं दूध दिलं की बाळ पोट भरून लांब झोपतं, तेवढा वेळ छाती भरलेली राहते. चार-पाच दिवस असं चाललं की दूध कमी होतं आणि सगळे म्हणतात, ‘बघ, आम्ही म्हणत नव्हतो?’

आता पंपातल्या ३० मिलीबद्दल. दूध बनणं आणि दूध बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बनवतं प्रोलॅक्टिन, पान्हा सोडतं ऑक्सिटोसिन, जे दुधाच्या पिशव्यांभोवतालच्या स्नायूसारख्या पेशी आवळतं. १९४८ साली अमेरिकेत न्यूटन दांपत्याने केलेला प्रयोग आज ऐकायला विचित्र वाटतो. निरीक्षणाखालची आई स्वतः नाइल्स न्यूटन, बाळ सात महिन्यांचं. पाजताना कधी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, कधी पायाचा अंगठा दुखेपर्यंत ओढला, कधी गणितं घातली आणि उत्तराला उशीर झाला की विजेचा झटका दिला. शांतपणे पाजताना बाळाने सरासरी १६८ ग्रॅम दूध घेतलं, असा छळ चालू असताना ९९. तसाच छळ चालू ठेवून ऑक्सिटोसिन टोचलं तेव्हा १५३. दूध होतंच, खाली येत नव्हतं. पुढे १९९४ साली जपानी संशोधकांनी रक्तात मोजून दाखवलं की आकडेमोडीच्या आणि आवाजाच्या ताणाने ऑक्सिटोसिनच्या लाटा कमी होतात, प्रोलॅक्टिन मात्र ढळत नाही.

म्हणजे ‘टेन्शनने दूध आटतं’ हे अर्धंच खरं. ताणाने पान्हा अडतो. पान्हा अडून छाती भरलेली राहिली तर मग निर्मितीही घटते. बाळंतिणीला ‘टेन्शन घेऊ नकोस’ असं बजावून ऑक्सिटोसिन वाढत नाही. खोलीतली पाहुणेमंडळी बाहेर गेली, बाळ उघड्या अंगाने छातीवर दहा मिनिटं पहुडलं, छातीवर कोमट ओलं फडकं ठेवलं, पाठीला कुणी हलका हात फिरवला, तर फरक पडतो. पंप म्हणजे बाळ नव्हे. पान्हा सुटला नाही तर तो भरलेल्या छातीतूनही थोडंच काढतो.

मग विश्वास कशावर ठेवायचा? लंगोटावर आणि वजनकाट्यावर. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट शू आणि शीचा रंग काळ्यावरून पिवळा. डायपरच्या जेलमध्ये शू कळत नाही, म्हणून एक दिवस साधे सुती लंगोट वापरून मोजावे. तिसऱ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग पडत असतील तर दूध कमी जातंय. जन्मवजन पहिल्या दिवसांत ७ टक्क्यांपर्यंत घटणं नेहमीचं. १० टक्क्यांजवळ गेलं तर लगेच दाखवावं. दोन आठवड्यांत जन्मवजन परत यावं, पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम. एकच काटा, बाळ उघडं, आठवड्यातून एकदा. रोज वजन करणं हा फक्त काळजीचा धंदा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात तेव्हा वजन करतात, ते लिहून ठेवावं.

वजनवाढीचा तक्ता कुठला लावलाय हेही पाहावं. जुना अमेरिकी तक्ता ओहायोतल्या, बहुतांशी बाटलीवर वाढलेल्या बाळांचा होता. त्यावर अंगावर पिणारं बाळ तीन महिन्यांनंतर उगाच मागे पडलेलं दिसे. जागतिक आरोग्य संघटनेचा २००६चा तक्ता भारतासह (दिल्ली) सहा देशांतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळांवरून केला आहे.

संध्याकाळचं रडणं? अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रॅझल्टन यांनी १९६२ मध्ये नोंदवलं की निरोगी बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखरावर जातं, दिवसाला पावणेतीन तास, आणि मग ओसरतं. त्याला दृष्ट लागल्याचं कारण देऊन मीठ-मोहरी ओवाळली की थोड्या दिवसांत उतार पडतोच, कारण तो पडणारच असतो. हळीव-डिंकाचे लाडू खुशाल खावेत, लोह आणि उष्मांक मिळतात, पण रिती न होणारी छाती लाडवाने भरत नाही. दुप्पट दुधाची हमी देणाऱ्या महागड्या चूर्णांचंही तेच. बाळाला पाणी किंवा मध मात्र अजिबात नको: दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यातही ते पुरतं, आणि मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

आईच्या मनाचा कौल एका ठिकाणी नक्की ऐकावा. ‘आज हे वेगळंच वाटतंय, पिताना दम नाही’ असं तिला वाटलं तर वाट पाहू नये. रडून मागणाऱ्या बाळापेक्षा पाजायलाही न उठणारं ‘शहाणं’ बाळ जास्त काळजीचं. पकड मात्र उपजत नसते, शिकावी लागते: तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळसर भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसणारा. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर करंगळी घालून सोडवावं आणि पुन्हा लावावं.

दूध खरोखर कमी पडणाऱ्या आयाही असतात. वारेचा तुकडा आत राहणं, बाळंतपणात फार रक्तस्राव, थायरॉईडचा विकार, छातीची पूर्वीची शस्त्रक्रिया, ग्रंथींची अपुरी वाढ अशी कारणं त्यामागे असतात, आणि त्यात आईचा दोष शून्य. अशा वेळी वरचं दूध हे उपचार आहे. आधी दोन्हीकडे पाजावं, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने वरचं द्यावं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांहून गरम असताना वापरावं. आधी पाणी, मग डब्यावर सांगितलेले सपाट चमचे, आणि कोमट झाल्यावर पाजावं. पुरवण्यासाठी पातळ करू नये, उरलेलं फेकावं. अंगावरचं वाढत असेल तर वरचं एकदम तोडू नये; वजनावर लक्ष ठेवून दिवसाच्या एकूण मापातून दर काही दिवसांनी ५० मिली कमी करत जावं, आणि वाढ थांबली तर मागच्या मापावर परत यावं.